मोहोराचं अन्न येतं कुठून? द्राक्षवेल, हापूस आणि झाडाच्या आतला रस

डिसेंबरात कातळावरच्या कुठल्याही हापूसच्या बागेत जाऊन बघा. पाऊस जाऊन दोन महिने झालेले, जमीन वरून ठणठणीत, गवत वाळून पिवळं, बहुतेक जुन्या कलमांना पाण्याचा थेंब नाही, आणि झाड नेमकं हाच मुहूर्त धरून मोहोराचा एवढा मोठा पसारा मांडतं. एका तुऱ्यात शेकडो, कधी हजाराच्या वर फुलं, आणि अशा तुऱ्यांनी अख्खं झाड भरलेलं. मोहोर काही पानासारखा हिरवागार नसतो, स्वतःचं अन्न तो फारसं बनवत नाही, त्याला जवळपास सगळं आयतं लागतं. मग एवढं अन्न येतं कुठून?

"मुळांतून, आणखी कुठून?" हे उत्तर सगळेच देतात, आणि त्याच्यावर भरवसा ठेवून ऑक्टोबर-नोव्हेंबरात खत टाकणारेही आहेत. आमच्या वाडीतले एक काका बागेतून येताना भेटले की हेच विचारतात, "अरे, एवढं खत घातलं झाडाला, तरी मोहोर नाय, नुसती पालवी कशी काय?" आता काकांना दोन वाक्यांत समजवायला गेलो की ते निघून जातात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय, ज्याला वेळ आहे त्याने वाचावं.

सुरुवात आंब्यापासून नाही करणार, द्राक्षापासून करतो. कोकणात द्राक्ष होत नाही हे मलाही माहीत आहे, आपल्या पावसात केवड्या-भुरीने वेल धुऊन निघेल. पण झाडाच्या आत अन्न कसं साठतं आणि कसं फिरतं हे द्राक्षवेलीत जेवढं उघडं दिसतं तेवढं आंब्यात दिसत नाही. आंबा बारा महिने पानं घेऊन उभा असतो, त्यामुळे कुठलं अन्न आज बनलं आणि कुठलं जुनं हे बाहेरून कळतच नाही. थंड देशातली द्राक्षवेल मात्र हिवाळ्यात पूर्ण बोडकी होते, एक पान राहत नाही, आणि तरी वसंतात फुटते. तिथे लपवाछपवीला जागाच नाही, जे काय आहे ते साठवणीतलंच असणार.

त्याच्या आधी झाडातले दोन रस्ते समजून घ्यायला लागतील. शाळेत जलवाहिनी आणि रसवाहिनी म्हणून शिकलेलो असतो आपण, इंग्रजी मीडियमवाल्यांचं झायलेम आणि फ्लोएम. जलवाहिनी खोडाच्या लाकडात असते, मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या, त्यातून मुळांनी घेतलेलं पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजं वर जातात. रसवाहिनी सालीच्या अगदी आतल्या अंगाला असते, ती जिवंत पेशींची, तिच्यातून पानात बनलेली साखर जिथे गरज आहे तिथे जाते, मग ते वर असो की खाली. हा फरक महत्त्वाचा आहे. जलवाहिनी बहुतेक वेळ एकाच दिशेने चालते, रसवाहिनीला ठरलेली दिशा नाही, जिकडे ओढ जास्त तिकडे रस जातो. वेगही वेगळा, रसवाहिनीतला रस तासाला साधारण अर्धा ते एक मीटर सरकतो, जलवाहिनीतलं पाणी भर उन्हात त्याच्या कितीतरी पट जोरात धावतं.

हे दोन रस्ते वेगळे आहेत हे लोकांना आधीपासून माहीत होतं. झाड न तोडता मारायचं असेल तर बुंध्याची साल गोल काढून टाकतात, झाड लगेच मरत नाही, पानं कितीतरी दिवस हिरवी राहतात कारण लाकडातून पाणी चालूच असतं, पण वरची साखर मुळांना पोचत नाही आणि शेवटी मुळंच उपाशी मरतात. सतराव्या शतकात इटलीच्या मालपीगीने असंच सालीचं कडं काढून बघितलं होतं, कापाच्या वरच्या बाजूला साल फुगते असं त्याला दिसलं. वरून येणारा रस तिथे अडतो म्हणून ती फुगते.

आपल्याकडे हे दोन्ही रस डोळ्यांनी बघता येतात, प्रयोगशाळा नको. पावसाळ्यात सकाळी परसातल्या अळूकडे बघा, पानाच्या टोकावर पाण्याचा थेंब लटकत असतो आणि पडला की दुसरा येतो. सगळे त्याला दव समजतात. ते दव नाही, दव पानावर सगळीकडे पडेल, टोकालाच कशाला धरून बसेल? रात्री पानांतून पाणी उडत नाही पण मुळं काम करत असतात, ती क्षार आत ओढून जलवाहिनीत सोडतात, क्षारांच्या मागून पाणी आत शिरतं, आत दाब तयार होतो आणि जास्तीचं पाणी पानाच्या टोकातून बाहेर ढकललं जातं. याला मूळदाब म्हणतात, पुढे द्राक्षात हाच येणार आहे.

आणि रसवाहिनी बघायची असेल तर माडी. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा बंद कोंब, उमलायच्या आधी बांधून, ठोकून, तिचं टोक रोज थोडं थोडं कापत राहिलं की जो गोड रस गळतो तो थेट रसवाहिनीतला, नारळाच्या फुलाफळांना जाणारी साखर आपण वाटेत अडवून मडक्यात घेतलेली असते. ताजी ती नीरा, आंबली की माडी. साखरेचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे उसाच्या रसाच्या जवळपास जाणारं. अळूच्या थेंबाला मात्र चव नाही, कारण तो जलवाहिनीतला.

(आंबा काढताना देठातून उडतो तो चीक या दोन्हीत बसत नाही बरं का. त्याच्या नळ्याच वेगळ्या, तो झाडाच्या बचावासाठी आहे, पोषणाशी त्याचा काही संबंध नाही. फळावर सांडला की साल भाजते म्हणून देठ ठेवून काढायचं, दापोली कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे काढायचा झेला, त्याचसाठी आहे.)

आता द्राक्ष. युरोपात वगैरे हिवाळ्यात वेलीची छाटणी करतात आणि थंडी सरून जमीन तापायला लागली की छाटलेल्या काडीच्या टोकातून टपटप पाणी गळायला लागतं. डोळे, म्हणजे काडीवरच्या फुटीच्या कळ्या, अजून बंद, पान एक नाही, आणि वेल गळतेय, एकेका वेलीतून काही लिटर पाणी जाऊ शकतं. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने वसंतात कापलेल्या वेलीच्या खुंटाला काचेच्या नळ्या जोडून रस किती वर चढतो ते मोजलं होतं, तो वीस फुटांच्या वर गेला. १७२७ मध्ये त्याने हे छापलं. पानंच नाहीत म्हणजे वरून ओढणारं कोणी नाही, तरी पाणी चढतंय, म्हणजे खालून मुळंच ढकलतायत, अळूसारखंच.

गळणारं हे पाणी साधं पाणी नाही, गंमत इथून पुढे आहे. त्यात पातळ प्रमाणात साखर असते, सेंद्रिय आम्लं असतात, कॅल्शियम, पोटॅश, मॅग्नेशियम असतं, आणि नत्र असतं पण बरचसं अमिनो आम्लांच्या रूपात, त्यातही सगळ्यात जास्त ग्लुटामिन. आता जमीन नुकती तापलेली, नवी मुळी जेमतेम फुटतेय, मग एवढं सगळं इतक्या लवकर आलं कुठून? गेल्या हंगामात साठवलेलं होतं तेच.

कोकणातल्या माणसाला हे समजवायला आगोटीइतकं चांगलं उदाहरण नाही. पावसाळा लागायच्या आधी मे महिन्यात तांदूळ, डाळी, सुकी मच्छी, लाकडं सगळं घरात भरून ठेवायचं आणि मग चार महिने त्याच्यावर काढायचे. वेल हिवाळ्यापूर्वी तेच करते. पानांनी बनवलेली साखर स्टार्च करून मुळांत, खोडात, काड्यांत भरून ठेवते, आणि नत्र आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लात आणि प्रथिनांत बांधून ठेवते. आर्जिनिनच का, तर त्याच्या एका रेणूत नत्राचे ४ अणू बसतात, कमी जागेत जास्त माल. पानं गळायच्या आधी त्यांच्यातलं नत्रही वेल बरचसं परत काढून घेते, गळतो तो उरलेला सांगाडा.

मग वसंतात उलटं सुरू होतं, स्टार्चची साखर होते, आर्जिनिनमधलं नत्र मोकळं होऊन ग्लुटामिनच्या रूपात जलवाहिनीत उतरतं आणि वर डोळ्यांकडे चालायला लागतं. लक्षात घ्या, साखर म्हटलं की रसवाहिनी असं आपण म्हणालो होतो पण या थोड्या दिवसांत जलवाहिनीसुद्धा अन्न वाहते, कारण पानं नाहीत आणि ढकलणारा दाब मुळांकडे आहे. हिवाळ्यात नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात तेही हाच दाब भरून काढतो. लोक घाबरतात की रस गळून वेल कमजोर होईल, पण गळणाऱ्या पाण्यात साखर फार थोडी असते, वेलीला फारसा फरक पडत नाही. पानं उघडली, त्यांनी वरून पाणी ओढायला घेतलं की गळणं आपोआप थांबतं.

आता नवं पान फुटलं म्हणजे ते लगेच कमवायला लागत नाही. साधारण अर्ध्या आकाराचं होईपर्यंत पान खातंच जास्त, बाहेर देत काही नाही. म्हणून फुटल्यापासून पुढचे काही आठवडे नव्या फुटीचा खर्च जुन्या साठ्यातून चालतो, आणि फुलोरा येईपर्यंत साठा जवळपास तळाला गेलेला असतो. त्यानंतर कुठे पानांची कमाई आणि मुळांनी जमिनीतून नव्याने घेतलेलं नत्र यांचा जोर सुरू होतो. म्हणजे वसंतात वेलीच्या बुडात खत टाकून पहिल्या फुटीला ते मिळेल ही अपेक्षाच चुकीची, पहिली फूट गेल्या वर्षी फळ काढल्यानंतर पानं किती दिवस निरोगी टिकली त्याच्यावर ठरते. फळ गेलं, आता बागेचं काय काम म्हणून ज्याने रोगाकडे दुर्लक्ष केलं आणि पानं लवकर झडू दिली, त्याची वेल पुढच्या वसंतात अशक्त फुटते. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

नाशिकला गोष्ट थोडी वेगळी होते. तिथे वेल झोपेल एवढी थंडीच नाही, म्हणून माणूस तिला कात्रीने वेळापत्रक लावून देतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर भर उन्हात ज्या काड्या फुटतात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी होते, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात आपण खातो त्या द्राक्षाचं नशीब आदल्या उन्हाळ्यात ठरलेलं असतं. वर्षातून दोनदा वेल बोडकी केली जाते आणि दोन्ही वेळा ओलांडा (मांडवावरची आडवी जाड फांदी), खोड आणि मुळं यांच्यातल्या साठ्यावर तिला परत उठायला लागतं. म्हणून फळ काढल्यावर खरड छाटणीच्या आधी वेलीला विश्रांती देतात, त्या काळात खत-पाणी देऊन पानं चालू ठेवतात. बाहेरच्याला वाटतं रिकाम्या बागेला पाणी कशाला, पण बागायतदाराला पक्कं माहीत असतं की साठा भरायची हीच वेळ. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते डोळे उठवण्यापुरतं, त्यात खायला काही नाही.

आणि ते देठ परीक्षण करतात त्याच्यातही हाच हिशोब आहे. पानाच्या देठातलं नत्र, पोटॅश हंगामभर एकसारखं नसतंच, फुटीच्या वेळी एक, फुलोऱ्यात दुसरं, मणी भरताना तिसरं. म्हणून छाटणीनंतर ठरावीक दिवसांनी, ठरावीक जागचंच पान घ्यायचं असतं. कुठल्याही दिवशी कुठलंही पान तोडून लॅबला पाठवलं तर रिपोर्ट येईल पण त्याचा अर्थ लावता येणार नाही. आपल्याकडे आंब्याची पानं तपासायला देताना कोवळी की जून, कुठल्या फांदीची हे कोणी बघतच नाही, पोचपावती आणि फाइलपुरता कागद होतो.

चला आता आपल्या कलमांकडे. आंबा सदाहरित, म्हणून त्याचा साठा फक्त मुळाखोडात नाही, फांद्यांत आणि जून पानांतही असतो. मोहोर येतो तेव्हा दोन ठिकाणांहून अन्न येतं, एक त्या वेळच्या जून पानांची रोजची कमाई आणि दुसरं पावसाळ्यापासून भरत आलेला स्टार्च. मोहोराजवळच्या पानांतलं नत्रसुद्धा मोहोर ओढून घेतो. जमिनीतून त्या वेळी फार काही येत नाही, कारण वरची माती, जिथे खाणारी बारीक मुळं जास्त, ती कोरडी आणि कोरड्या मातीतलं खत झाडाच्या दृष्टीने नसल्यासारखंच. ते विरघळल्याशिवाय मूळ घेऊ शकत नाही.

पालवी हा कोकणातल्या माणसाचा जिव्हाळ्याचा विषय. ती तांबूस, लुसलुशीत पानं दिसायला सुंदर पण ती पूर्ण खाणारी असतात, हिरवी आणि जाडसर होईपर्यंत झाडाच्या जिवावर जगतात. मे-जूनमध्ये फळ संपल्यावर जी पालवी येते ती फायद्याची, तिला जून व्हायला सगळा पावसाळा मिळतो, ती कमावते, फांदीत स्टार्च भरतो आणि त्या फांदीच्या टोकाला थंडीत मोहोर येतो. पण पाऊस लांबला, ऑक्टोबरात जमिनीत ओल आणि वरून ऊन, आणि त्यात कोणी नत्र टाकलं की झाड परत पालवी काढतं, भरलेला साठा तिच्यावर खर्च होतो आणि ती पालवी थंडीपर्यंत कोवळीच राहते. कोवळ्या फांदीला मोहोर येत नाही, आला तरी उशिरा. काकांचं खत वाया गेलं असं नाही, झाडाने ते घेतलं, पण त्याची पालवी केली.

वर्षाआड आंब्याचं कारणही बरंचसं इथेच आहे. ज्या वर्षी फळ भरमसाट धरलं त्या वर्षी साठा तळापर्यंत जातो, वर बाठ्यांमधून जिबरेलिन नावाची संजीवकं सुटतात ती मोहोराच्या विरोधात काम करतात, फळ काढायला उशीर झाला की पालवीही उशिरा येते. एवढं सगळं अंगावर घेऊन झाड पुढच्या थंडीत मोहोर काढेल कसं?

इथे कल्टार येतं, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं औषध. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्टमध्ये झाडाच्या पसाऱ्याच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिली या हिशोबाने, बुंध्याभोवती गोल भोकं पाडून पाण्यातून द्यायचं. हे मुळांतून जलवाहिनीत शिरतं, पाण्याबरोबर वर शेंड्यांपर्यंत जातं आणि तिथे जिबरेलिन तयार होणं अडवतं. जिबरेलिन कमी झालं की शेंड्याची वाढ थांबते, पालवीवर जाणारी साखर फांदीतच साठते, आणि मोहोर लवकर आणि दरवर्षी यायला लागतो. पण बघा, कल्टारमध्ये अन्नाचा एक कण नाही, ते फक्त असलेलं अन्न मोहोराकडे वळवतं. म्हणून विद्यापीठवाले कल्टारबरोबर खताची मात्रा चुकवू नका असं सांगत असतात. कल्टार दरवर्षी आणि खत आठवण झाली तर, असा कारभार असलेली कलमं बघायची असतील तर कराराने दिलेल्या बागा बघा. करार दोन-चार वर्षांचा असतो, झाडाचं पुढे काय व्हायचं ते मालकाचं होतं. पानं लहान, पेरं आखूड, मोहोर गच्च मुठीसारखा आवळलेला, आणि डोस जास्त झालेला असेल तर औषध जमिनीत बराच काळ टिकतं, त्यामुळे पुढच्या वर्षी थांबलं तरी लगेच सुटका नाही.

मोहोर आला, कणी (अगदी बारीक फळं) धरली, म्हणजे झालं असंही नाही. एका तुऱ्यातल्या फुलांपैकी एक टक्कासुद्धा शेवटपर्यंत फळ म्हणून टिकत नाहीत. रसवाहिनीतला रस जिथे ओढ जास्त तिथे जातो असं वर म्हटलं ना, तर फळांमध्ये आपसात ही ओढाओढ चालू असते आणि जी कमी पडतात ती झाड सोडून देतं. जानेवारीतल्या गळीला सगळे रोग समजून औषध मारायला धावतात, त्यातली बरीचशी गळ ही झाडाने केलेली काटछाट असते.

पुनर्मोहोर तर या ओढाओढीचं सगळ्यात वाईट उदाहरण. वाटाण्याएवढी, गोटीएवढी फळं धरलेली असतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत परत कडक थंडी पडते, त्याच फांद्यांना नवा मोहोर येतो. आता नव्या मोहोराची ओढ जबरदस्त, रस तिकडे वळतो आणि आधीची फळं पिवळी पडून गळतात. मग तो नवा मोहोर तरी फळ देतो का, तर दिलं तरी ते मेअखेर, भाव पडल्यावर आणि पाऊस डोक्यावर असताना. यावर दापोलीचीच शिफारस आहे, जिबरेलिक अॅसिड ५० पीपीएम फवारायची. म्हणजे पावसाळ्यात जे जिबरेलिन कल्टारने दाबलं तेच थंडीत वरून द्यायचं, कारण ते मोहोराच्या विरोधात काम करतं आणि या वेळी आपल्याला नेमकं तेच हवं असतं. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं, पण वरचं सगळं डोक्यात असलं की बरोबर जुळतं.

मग खत टाकायचं कधी? जूनमध्ये, पाऊस स्थिरावताना, जमिनीत ओल असते आणि मुळं चालू असतात तेव्हा. फळ संपलेलं असतं, नवी पालवी निबर होणार असते, साठा भरायचा काळ पुढे असतो. पण आपल्याकडे रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभ्याची माती पाणी धरत नाही, युरिया वरून फेकला तर तो वहाळातून खाडीत जातो. म्हणून झाडाच्या पसाऱ्याच्या आतल्या बाजूला गोल चर मारून, शेणखत-पालापाचोळ्यात मिसळून, मातीने झाकून द्यायचं. बुंध्याजवळ नको, तिथे जाडी मुळं असतात, ती धरून उभं राहायला, खाणारी मुळं बाहेरच्या अंगाला. स्फुरदाचं आपल्या मातीत आणखी एक दुखणं, जांभ्याच्या आम्ल मातीत लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर, ते स्फुरदाला धरून ठेवतात आणि झाडाला मिळू देत नाहीत, शेणखतात मिसळून दिलं की निदान थोडं जास्त हाताला लागतं.

तुडतुड्यांबद्दल न लिहिता पुढे गेलो तर बागायतदार रागावतील. हा किडा मोहोरात सोंड खुपसतो ती रसातच, म्हणजे माडी काढणारा पोयीत जे करतो तेच हा लाखोंच्या संख्येने करतो. त्या रसात साखर रग्गड पण अमिनो आम्लं फार थोडी, आणि किड्याला वाढायला हवं नत्र. मग नत्रासाठी तो प्रमाणाबाहेर रस पितो आणि नको असलेली साखर मागून टाकून देतो. पानांवर जो चिकटा पडतो तो हाच, आणि त्याच्यावर काळी बुरशी वाढते तेव्हा आपण म्हणतो पानं काळी पडली. काळी पडलेली पानं ऊन नीट घेऊ शकत नाहीत, म्हणजे रस गेला तो गेला आणि नवं अन्न बनणंही कमी झालं, दोन्हीकडून मार.

शेवटी कॅल्शियम, कारण यात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. नत्र, स्फुरद, पोटॅश, मॅग्नेशियम ही मंडळी दोन्ही रस्त्यांनी फिरू शकतात. कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून यांची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते. कॅल्शियमला रसवाहिनीत जवळपास शिरताच येत नाही. ते जलवाहिनीतून पाण्याबरोबर जाईल तिथे जाणार आणि एकदा पानात बसलं की तिथून हलणार नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या शेंड्यावर आणि फळात दिसते. आता पाणी जास्त उडतं पानांतून, फळातून फार कमी, म्हणजे कॅल्शियमचा मोठा वाटा पानंच घेऊन जातात. फळाला जे मिळायचं ते बहुतेक अगदी सुरुवातीला, फळ लहान असताना, नंतर फळ मुख्यतः रसवाहिनीवर फुगतं आणि त्यात कॅल्शियम नाही. हापूसमधला साका, म्हणजे पिकलेल्या फळाच्या गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, आणि गरातलं कमी कॅल्शियम यांचा संबंध अभ्यासात दिसलेला आहे, पण साक्याचं ते एकमेव कारण नाही, तापलेल्या कातळाची धग आणि झाडावरच बाठ्यात सुरू होणारी रुजण्याची हालचाल यांच्याकडेही शास्त्रज्ञ बोट दाखवतात. दापोलीने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना काढला त्यात साका नाही, म्हणजे वाणाच्या रक्तातही काहीतरी आहेच.

तर पोटॅशियम नायट्रेटची फवारणी पानांवर पडली तरी चालते, पोटॅश पानातून रसवाहिनीत जाऊन फळापर्यंत पोचतं. कॅल्शियमचं तसं होत नाही, पानावर मारलेलं पानातच राहतं. मारायचंच असेल तर फळं गोटीएवढी असताना मारा, आणि गड्याला सांगा की नोझल पानांच्या छत्रीवर नको, खालून आत फळांच्या झुपक्यांवर धर, फळ ओलं झालं पाहिजे.